अकरा आठवडे आधी झालेला मुलगा बसत नाही, पण 'उभा' राहतो. थांबावं का?

हिशेबनीस

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, लिहायची ही पहिलीच वेळ. पाल्हाळ लागलं तर सांभाळून घ्या.

मुलगा २९व्या आठवड्यात झाला, म्हणजे तारखेच्या अकरा आठवडे आधी. वजन १,१४० ग्रॅम. ५२ दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होता, त्यातले पहिले १९ ऑक्सिजनच्या कुठल्या ना कुठल्या आधारावर. चौथ्या दिवशी टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत मेंदूत एका बाजूला पहिल्या ग्रेडचा, म्हणजे सगळ्यात सौम्य, रक्तस्राव दिसला होता. नंतरच्या दोन सोनोग्राफ्या स्वच्छ आल्या. डोळ्यांचे पडदे आणि कान तपासून झालेत, दोन्ही ठीक.

आज तो जन्मापासून ४४ आठवड्यांचा आहे. अकरा वजा केले की ३३, म्हणजे साडेसात महिने. मी व्यवसायाने हिशेब तपासणारा माणूस, त्यामुळे तो घरी आला त्याच रात्री एक्सेलची शीट उघडली. एका रकान्यात जन्मापासूनचं वय, दुसऱ्यात करेक्टेड वय (म्हणजे लवकर झाल्याचे आठवडे वजा करून), पुढे मान धरली, हसला, उपडा झाला, बसला, रांगला. वेळेत झालं ते हिरवं, राहिलं ते लाल. पहिल्या रकान्यात लाल असणार हे धरूनच चाललो होतो. पण आता करेक्टेडच्या रकान्यातही लाल दिसायला लागलंय. बायको म्हणते, ती शीट बंद कर नाहीतर लॅपटॉप खिडकीतून जाईल. तिचं बरोबर आहे. शीट रोज उघडली जाते.

आता मुद्दा. मान धरतो, हसतो, आवाजाकडे बघतो, दोन्ही हातांनी वस्तू घेतो. उपडा फक्त उजव्या कुशीवरून होतो, आणि तेही पाठीची कमान करून, झटक्यात. बसवलं की मागे पडतो. बाजूला कलंडत नाही, पुढे वाकत नाही, मागे फेकल्यासारखा जातो. मी मागे उशा रचून ठेवल्यात.

आणि गंमत अशी की बगलेत धरून उभं केलं की ताठ उभा राहतो! गुडघे घट्ट, पाय काठ्यांसारखे, चवड्यांवर. साडेपाच महिन्यांचा होता (जन्मापासूनचे) तेव्हापासून. घरी येणारा प्रत्येक जण ते बघून खूश होतो. "हा बसायच्या आधीच चालणार" हे वाक्य मी निदान पंधरा जणांकडून ऐकलंय. आत्याने तर वॉकर आणून दिला. अजून खोक्यातच आहे.

डॉक्टर म्हणाले, करेक्टेड वय धरा, अजून वेळ आहे, तीन महिन्यांनी दाखवा. तीन महिने ही माझ्या शीटमध्ये बारा ओळींची जागा आहे. थांबावं, की फिजिओथेरपी सुरू करावी? विनाकारण सुरू केली तर काही नुकसान? आणि हे उभं राहणं चांगलं की वाईट? खरा प्रश्न हाच आहे बहुतेक.

निवांत

माझा मामेभाऊ सातव्या महिन्यात झालेला. दीड वर्षाचा होईपर्यंत गोणीसारखा पडून असायचा. आज सहा फूट उंच आहे आणि आमच्यात सगळ्यात जास्त ट्रेकिंग तोच करतो. प्रत्येक मूल आपल्या वेळेने चालतं. नेटवर वाचणं बंद करा, शीट डिलीट करा, पोराशी खेळा. सगळं ठीक होईल.

सतरंजी

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. नावाचा उगम त्यातच, अर्धं आयुष्य जमिनीवर गेलंय. आधीच सांगते, बाळाला हात लावल्याशिवाय निदान होत नाही आणि मी ते इथे करणार नाही. पण तुमच्या शेवटच्या प्रश्नावर गप्प बसवत नाही.

ते उभं राहणं नाही. तो पाय ताठ करतोय. दोन्हींत फरक असा: उभं राहणारं बाळ गुडघ्यात थोडं वाकतं, पुन्हा सरळ होतं, डुलतं, टाचा टेकवतं. तळवे टेकले की कुलूप लागावं तसे पाय कडक होत असतील, टाचा वर राहत असतील, तर ती ताकद नसून स्नायूंचा वाढलेला ताण आहे. आम्ही त्याला टोन म्हणतो. मागे पडणं आणि हे ताठ होणं या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, एकच आहे. बसायला कमरेत वाकावं लागतं, आणि त्याचं अंग सरळ व्हायला टपलेलं आहे.

असं का होतं? पोटातले शेवटचे दहा-बारा आठवडे आठवून बघा. जागा अपुरी, बाळ मुटकुळं करून बसलेलं. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, हात तोंडाजवळ. लाथ मारली की भिंत लागते आणि पाय परत आत येतो. त्या अडचणीतच अंगाला वाकायची सवय लागते. स्नायूंचा टोनही साधारण २८व्या आठवड्यानंतर पायांकडून वर चढत जातो. तुमच्या मुलाने तो सगळा काळ उघड्यावर, सपाट गादीवर काढला. गुरुत्वाकर्षण अंगावर, हात-पाय बेडकासारखे पसरलेले, नळ्यांमुळे मान मागे. त्याच्या पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंच्या पुढे निघून गेले. आता तो प्रत्येक काम पाठीनेच करायला बघतो. उपडं होणंसुद्धा, तुम्हीच लिहिलंय की कमान करून.

यातली बरीच मुलं वर्ष-दीड वर्षात सैल होतात. ड्रिलियन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी कमी वजनाच्या बाळांमधला हा तात्पुरता ताठरपणा १९७२ सालीच लिहून ठेवला आहे. काही मुलांमध्ये मात्र तो ओसरत नाही, कारण मूळ दुखापत मेंदूत असते. साडेसात महिन्यांच्या मुलाकडे नुसतं बघून हे दोन गट वेगळे करणं कठीण, आणि म्हणूनच नुसतं बघायचं नसतं, मोजायचं असतं.

तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा: याची हॅमरस्मिथ तपासणी, म्हणजे बाळाच्या मज्जासंस्थेची गुण देऊन केलेली तपासणी, झाली आहे का? २६ बाबी, एकूण ७८ गुण, दोन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कधीही करता येते. दहा-पंधरा मिनिटांचं काम. हालचालींचा व्हिडिओ पाहून करायची प्रेख्टल यांच्या पद्धतीची एक तपासणी असते, अतिशय उपयोगी, पण तिच्यातल्या ज्या बारीक, चुळबुळत्या हालचाली बघायच्या असतात त्या करेक्टेड तीन ते पाच महिन्यांतच दिसतात. तुमची ती गाडी गेली. हळहळत बसू नका, दुसऱ्या गाड्या आहेत.

तोवर मला चार गोष्टी बघून सांगा. शांत असताना पाय आळीपाळीने हलवतो की दोन्ही एकदम? झोपेत घोटे सैल असतात का? मुठी उघड्या की बंद, अंगठा आत दुमडलेला? स्वतःचं पाऊल हाताने कधी पकडलंय का?

आणि 'अजून वेळ आहे' याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये निरोगी, पूर्ण दिवसांच्या मुलांचे टप्पे प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे साडेसात महिन्यांचं न बसणारं मूल आकड्यांच्या हिशेबाने अजून रेषेच्या आतच आहे, डॉक्टर चुकीचं बोललेले नाहीत. त्यातल्या ४.३ टक्के मुलांनी तर गुडघ्यांवर रांगण्याचा टप्पाच गाळला होता. पण तुमच्या शीटमध्ये 'कधी'चा रकाना आहे, 'कसं'चा नाही. मला 'कसं' जास्त सांगून जातं.

वॉकर खोक्यातच राहू द्या. चवड्यांवर ढकलायची सवय असलेल्या मुलाला चवड्यांवर ढकलायचं यंत्र कशाला? कॅनडात २००४ पासून तो विकायलाच बंदी आहे, अपघातांमुळे.

निवांत

ताई, मी फक्त धीर द्यायला लिहिलं होतं.

सतरंजी

कळलं हो. मामेभावाला शुभेच्छा. पण न चाललेल्या मामेभावांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, म्हणून आपल्याला वाटतं सगळेच चालले.

चालतीबोलती

ती गोष्ट मी सांगते.

मुलगी २७ आठवड्यांची, ९८० ग्रॅम. आता आठ वर्षांची आहे. माझ्या फोनमध्ये ती सहा महिन्यांची असतानाचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आहे. माझे वडील तिला बगलेत धरून टेबलावर उभी करतायत, ती अगदी तुमच्या मुलासारखी, चवड्यांवर, नर्तकीसारखी ताठ, आणि अख्खं घर टाळ्या वाजवतंय. सगळ्यात मोठा आवाज माझा आहे. तो व्हिडिओ मी डिलीट केलेला नाही, पण उघडतही नाही.

आम्हालाही थांबा म्हणाले. एकदा नाही, तीनदा. दर वेळी करेक्टेड वय. मला त्या शब्दाचा राग नाही, गणित बरोबरच आहे, दोन वर्षांपर्यंत ते धरायलाच हवं. पण आमच्या बाबतीत त्याची चादर झाली, वरून पांघरली की खालचं काही दिसेना. एकदा मी तपासणीत सांगितलं की लंगोट बदलताना पाय फाकतच नाहीत, मला एका पायावर माझा गुडघा ठेवावा लागतो. समोरच्यांनी ते लिहूनही घेतलं नाही. त्यांना पुढे बारा पेशंट होते, मला कळतं. तरी आठवतं.

करेक्टेड चौदाव्या महिन्यात एमआरआय झाला. पीव्हीएल. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दुखावलेला. ज्या डॉक्टरांनी समजावलं त्यांनी कागदावर चित्र काढून दिलं, ते मी जपून ठेवलंय. मेंदूकडून खाली जाणाऱ्या तारांपैकी पायांच्या तारा पोकळीला सगळ्यात खेटून जातात, हातांच्या त्याच्या पलीकडे, तोंडाच्या आणखी बाहेर. साधारण ३२व्या आठवड्याच्या आत या तारांवर वेष्टण चढवणाऱ्या पेशी अगदी कोवळ्या असतात. रक्तपुरवठा कमी झाला, संसर्ग झाला, की आधी त्या मरतात. म्हणून पाय आधी, हात नंतर, बोलणं बहुधा शाबूत. माझी मुलगी दहा महिन्यांची असल्यापासून बडबडते. माझं इथलं नाव तिनेच ठेवलंय म्हणा ना.

स्पास्टिक डायप्लेजिया. सेरेब्रल पाल्सीचा एक प्रकार. लंडनच्या विल्यम लिटल नावाच्या डॉक्टरांनी १८६१ सालीच अवघड आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी या ताठ पायांचा संबंध सभेत मांडला होता, बरीच वर्षं याला लिटलचा आजार म्हणत. हे वाचलं तेव्हा मला दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या आयांचा विचार करून रडू आलं. त्यांच्याही घरात टाळ्या वाजल्या असतील.

ती ३४ महिन्यांची असताना एकटी चालली. स्वयंपाकघराच्या दारापासून माझ्यापर्यंत, सात पावलं. आता पायात प्लास्टिकचे स्प्लिंट घालून शाळेत जाते. स्नायू सैल करायला पोटऱ्यांत बोटॉक्सची इंजेक्शनं तीनदा झाली. जिना चढताना कठडा लागतो, लांब जायचं तर दमते. हालचाली किती जमतात याचं पाच पायऱ्यांचं एक वर्गीकरण असतं, पहिली सगळ्यात सौम्य, त्यात ती दुसऱ्या पायरीवर. भांडते अव्वल दर्जाचं.

हिशेबनीस, हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल. म्हणून आता दुसरी बाजू. एनआयसीयूत आमच्या शेजारच्या पेटीत एक मुलगा होता, २८ आठवड्यांचा. त्याच्या आईचा आणि माझा अजून फोन असतो. त्याचे पाय माझ्या मुलीइतकेच कडक होते. पंधराव्या महिन्यापर्यंत ते विरघळले. तो आता फुटबॉल खेळतो. आठव्या महिन्यात दोघांना शेजारी ठेवलं असतं तर तुम्हाला ओळखू आलं नसतं, आणि मलाही नाही.

मला जे सांगायचंय ते एवढंच. त्या मुलाच्या आईने सहाव्या महिन्यापासून जे व्यायाम केले, तेच मी सोळाव्या महिन्यापासून केले. त्याचे पाय व्यायामाने सुटले असं मी म्हणत नाही, ते कदाचित आपोआपही सुटले असते. आणि माझ्या मुलीचं पीव्हीएल कुठल्या व्यायामाने पुसलं गेलं नसतं. पण पुढे कुठली वाट लागणार हे माहीत नसताना आजचं काम दोन्ही वाटांवर सारखंच आहे. मग निदानाची वाट बघत बसायचं कशासाठी? तपासणी कळायला थांबा, कामाला नका थांबू. 'विनाकारण सुरू केली तर' असं विचारलंत ना? तर तुम्ही तीन महिने मुलाशी जमिनीवर जरा वेगळ्या पद्धतीने खेळलेले असाल. तेवढंच.

सतरंजी

+१. २०१७ मध्ये या क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने नेमकं हेच मांडलं. सेरेब्रल पाल्सीचं निदान पूर्वी वर्ष-दोन वर्षांनी व्हायचं, ते आता करेक्टेड सहा महिन्यांच्या आतही करता येतं. आणि खात्री नसेल तिथे 'मोठा धोका' एवढं नोंदवून लगेच काम सुरू करा.

प्रामाणिकपणे हेही सांगते की लवकर केलेल्या उपचारांचा हालचालींवर होणारा परिणाम अभ्यासांमध्ये माफक दिसतो. जादू नाही. पण पोटऱ्या आखडणं, मांडीचा सांधा सरकणं, डोकं एका बाजूने चपटं होणं या गोष्टी वेळेवर नजर ठेवली तर आटोक्यात राहतात. शिवाय आईबापांना धरायचं कसं ते कळतं, आणि दिवसाचे चोवीस तास तेच असतात, मी आठवड्याची पाऊण तास.

सव्वा किलो

वेगळ्या कोनातून. मी स्वतः ३१ आठवड्यांचा, वय आता ४१. नाव जन्माच्या वजनावरून.

चालायला सतराव्या महिन्यात लागलो म्हणे, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि फाइल बंद केली. त्यानंतरचं कोणी बघितलंच नाही. बुटाची नाडी दहाव्या वर्षी बांधता आली. सायकल आजही नाही. चेंडू माझ्याकडे आला की मी डोळे मिटतो. अक्षर असं की परीक्षेत आलेलं उत्तरही वाचता न आल्यामुळे गेलं. शाळेत याला वेंधळेपणा आणि आळस अशी दोन नावं होती, आलटून पालटून वापरायचे.

पस्तिशीत कळलं की याला समन्वयाची अडचण म्हणतात, डीसीडी, आणि लवकर झालेल्या मुलांमध्ये ती जास्त आढळते. सेरेब्रल पाल्सी नसलेल्यांमध्येसुद्धा. तेव्हा हिशेबनीस, मुलगा चालला की शीट बंद करा, पण पहिली-दुसरीत एकदा परत उघडा. पेन्सिल कशी धरतो, बटणं लावतो का, उडी मारता येते का. लाल-हिरवं नको, नुसतं बघा.

अवांतर: गाडी मात्र मी उत्तम चालवतो. रिव्हर्स सोडून.

हिशेबनीस

सगळ्यांचे आभार. चालतीबोलती ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. मधेच माझा आवाज गेला, पुढचा तिने वाचला.

सतरंजी ताईंनी सांगितलेल्या चार गोष्टी दोन दिवस बघितल्या. (नवीन शीट उघडली नाही. कागदावर लिहिलं.)

पाय: अंघोळीनंतर शांत असताना आळीपाळीने हलवतो. आनंद झाला, रडला, कोणी नवीन आलं की दोन्ही एकदम, सरळ. झोपेत: घोटे सैल. मी रात्री दोन वाजता टॉर्च लावून बघितले, बायको जागी झाली, ते प्रकरण वेगळं. मुठी: बहुतेक वेळ उघड्या, डावा अंगठा कधी कधी आत. पाऊल हातात: कधीच नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, कारण हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या रकान्यांत ते नव्हतंच.

सतरंजी

छान बघितलंत. झोपेत सैल आणि शांत असताना आळीपाळीने, हे ऐकून मला बरं वाटलं, पण निष्कर्ष काढू नका. पाऊल न पकडणं हे पोटाच्या स्नायूंचं रडगाणं. तिथूनच सुरू करा.

तपासणीची तारीख अलीकडे घ्या. तोवर उभं करणं पूर्ण बंद. पाहुण्यांनाही सांगा, वाईटपणा आला तर येऊ दे. उताणा असताना बुडाखाली दुमडलेला टॉवेल ठेवून कंबर जराशी वर करा, म्हणजे पावलं त्याच्या नजरेत येतील. पायाला रंगीत मोजा घाला. उचलताना बगलेतून सरळ ओढू नका, कुशीवर वळवा, मग गोळा करून उचला. कडेवर घेताना त्याची पाठ तुमच्या छातीला, गुडघे दुमडून वर, तुमचा हात त्याच्या मांड्यांखाली, आरामखुर्चीत बसल्यासारखा. कुशीवर झोपवून समोर खेळणं ठेवा म्हणजे दोन्ही हात मध्ये येतील. डाव्या कुशीवर जास्त, तिकडून तो वळत नाही ना. पालथं घालणं जागेपणी आणि तुमच्या नजरेसमोरच, सुरुवातीला तुमच्या छातीवर, दोन-दोन मिनिटं, दिवसातून बऱ्याचदा. झोपवताना मात्र उताणंच.

आणि मागच्या उशा काढा. त्याला कळतं की मागे मऊ आहे. तुमच्या पसरलेल्या पायांमध्ये बसवा, त्याचे हात त्याच्या पुढे जमिनीवर टेकवा.

चालतीबोलती

ताठ झाला की जोर लावून वाकवू नका, आणखी ताठ होईल. मी महिनाभर तिच्याशी कुस्ती खेळले, तिने जिंकली. थांबा, हलकं डुलवा, मग वाकवा. बाकी काही वाटलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रात्री-अपरात्रीसुद्धा. मी जागी असते.

हिशेबनीस

पाच आठवड्यांनी परत आलो. धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

तपासणी झाली. तीन महिन्यांची तारीख होती, रोज फोन करून करून ती दहा दिवसांवर आणली. हॅमरस्मिथचे ७८ पैकी ६४ गुण आले. वयाच्या मानाने कमी आहेत. डॉक्टरांनी खुर्ची पुढे घेतली आणि सरळ सांगितलं: एका आकड्यावर मी शिक्का मारणार नाही, पण 'हाय रिस्क' असं फाइलवर लिहितो, दोन महिन्यांनी पुन्हा मोजू, एमआरआयचं तेव्हा ठरवू. फिजिओथेरपी त्याच आठवड्यापासून. घरी येताना गाडीत बायको म्हणाली, "निदान कोणीतरी काहीतरी लिहिलं." मला वाटलं होतं ती रडेल.

सुरुवातीचे दिवस वाईट होते. उभं करू देत नाही म्हणून आत्या आठवडाभर बोलली नाही. मग तिला चालतीबोलती ताईंचा व्हिडिओबद्दलचा परिच्छेद पाठवला. परवा ती स्वतः येऊन जमिनीवर बसली आणि त्याचे गुडघे पोटाशी घेऊन तासभर गप्पा मारत होती. वॉकरमध्ये सध्या वाळलेले कपडे असतात.

चौदाव्या दिवशी पिवळा मोजा पकडला. उजव्या हाताने. डाव्याने आणखी आठवड्यानंतर. आता मोजा काढून तोंडात घालतो, धुवायला सहा जोड लागतात.

आणि काल संध्याकाळी. माझ्या पायांमध्ये बसवला होता, हात पुढे टेकवलेले. मी माझे हात काढले. सवयीने मोजायला लागलो. अकरापर्यंत गेलो. तोल गेला, नाक सतरंजीवर आपटलं, भरपूर रडला. बायको आतून धावत आली, काय झालं काय झालं.

म्हटलं, पुढे पडला.